विश्लेषण : सगळे आयर्न एकाच लांबीचे... गोल्फमधला सोपा मार्ग की महागडा प्रयोग?

सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी विकसित केलेल्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्समुळे पनवेल परिसरात गोल्फ हा आता केवळ टीव्हीवर पाहायचा खेळ राहिलेला नाही. खेळ शिकायला सुरुवात केली की पहिला मोठा खर्च येतो तो आयर्न संचाचा. त्यातच 'सगळे आयर्न एकाच लांबीचे' हा पर्याय समोर येतो. याच प्रकारचे क्लब वापरून अमेरिकेच्या ब्रायसन डिशॅम्बोने दोनदा यूएस ओपन जिंकली आहे. मात्र त्याला जे जमले ते साडेपाच फूट उंचीच्या, आठवड्यातून एकदाच खेळणाऱ्या हौशी गोल्फपटूला जमेल का? हा संच कोणी घ्यावा, कोणी टाळावा आणि घेण्याआधी काय मोजावे, याविषयी...

नेहमीच्या आणि एकाच लांबीच्या आयर्नमध्ये फरक काय?

गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यांपैकी मधल्या आणि कमी अंतरांसाठी वापरले जाणारे धातूच्या पातळ डोक्याचे क्लब म्हणजे आयर्न. त्यांना क्रमांक असतात. क्रमांक जितका लहान, तितका चेंडू दूर आणि कमी उंचीवरून जातो. क्रमांक वाढला की अंतर कमी होते, उंची वाढते. हा फरक प्रामुख्याने लॉफ्टमुळे, म्हणजे क्लबचा पृष्ठभाग मागे किती झुकलेला आहे त्यामुळे पडतो.

पारंपरिक संचात लॉफ्टबरोबर लांबीही बदलते. चार नंबरचा आयर्न साधारण साडेअडतीस इंचांचा, सात नंबरचा ३७ इंचांचा, तर पिचिंग वेज साडेपस्तीस इंचांच्या आसपास असतो. प्रत्येक क्रमांकामागे अर्ध्या इंचाचा फरक. एकाच लांबीच्या संचात लॉफ्ट बदलतो. पण लांबी, डोक्याचे वजन आणि लाय कोन, म्हणजे जमिनीशी दांड्याचा कोन, हे तिन्ही बहुतेक सारखेच राहतात. सगळे आयर्न जणू सात किंवा आठ नंबरच्या आयर्नच्या साच्यातून काढलेले असतात.

ही कल्पना डिशॅम्बोचीच का?

नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टॉमी आर्मर या अमेरिकी ब्रँडने 'ईक्यूएल' नावाने असा संच बाजारात आणला होता. तो फारसा चालला नाही. कल्पना पुन्हा चर्चेत आणली ती डिशॅम्बोने. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या डिशॅम्बोने किशोरवयातच प्रशिक्षक माइक शाय यांच्यासोबत हा प्रयोग सुरू केला. होमर केली यांचे १९६९मधील 'द गोल्फिंग मशीन' हे पुस्तक त्यामागची प्रेरणा होती. २०१५मध्ये त्याने अमेरिकेतील महाविद्यालयीन वैयक्तिक विजेतेपद आणि यूएस अॅमॅच्युअर या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. २०१७च्या सुरुवातीला कोब्रा कंपनीने सर्वसामान्यांसाठी असे संच बाजारात आणले. २०२० आणि २०२४मध्ये डिशॅम्बोने यूएस ओपन जिंकल्यावर या क्लबांविषयीचे कुतूहल आणखी वाढले.

मराठी वाचकांसाठी याला आणखी एक धागा आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०२२मध्ये लिव्ह गोल्फमध्ये दाखल झाला, तो डिशॅम्बो कर्णधार असलेल्या 'क्रशर्स' संघातून. डिशॅम्बो स्वतःही २०२५च्या सुरुवातीला गुरुग्राममधील स्पर्धेत खेळून गेला. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. व्यावसायिक दौऱ्यांवर एकाच लांबीचे आयर्न वापरणारे खेळाडू आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

मग जुन्या संचात समानता नव्हतीच का?

होती, पण वेगळ्या प्रकारची. क्लब फिरवताना हाताला जाणवणारा जडपणा ढोबळमानाने डोक्याचे वजन गुणिले लांबीचा वर्ग यावर अवलंबून असतो. म्हणूनच पारंपरिक संचात लांबी अर्धा इंच कमी झाली की डोक्याचे वजन साधारण ७ ग्रॅमने वाढवतात.

सात नंबरच्या आयर्नचे डोके २७० ग्रॅमचे धरले, तर चार नंबरचे २४९ आणि पिचिंग वेजचे २९१ ग्रॅमचे होते. आता २४९ गुणिले ३८.५चा वर्ग, २७० गुणिले ३७चा वर्ग आणि २९१ गुणिले ३५.५चा वर्ग हे तीन गुणाकार करून पाहिले, तर उत्तरांत एक टक्क्याहूनही कमी फरक पडतो. दांड्याचे वजन यात धरलेले नाही. पण मुद्दा स्पष्ट होतो. पारंपरिक संचातले सगळे क्लब हाताला जवळपास सारखेच जड लागतात.

जे सारखे नसते ते उभे राहणे. लांब क्लबसाठी चेंडूपासून थोडे दूर आणि ताठ उभे राहावे लागते. आखूड क्लबसाठी जवळ आणि अधिक वाकून. चेंडू दोन पायांच्या मध्ये नेमका कुठे ठेवायचा, हेही बदलते. एकाच लांबीच्या संचात हा बदल नाहीसा होतो. त्याचा खरा फायदा हातांपेक्षा पाठीच्या कण्याला, गुडघ्यांना आणि नजरेला होतो.

याचा फायदा नेमका कोणाला?

ज्याला सरावाला वेळ कमी मिळतो त्याला. नोकरी सांभाळून रविवारी सकाळी खेळणाऱ्याला सात-आठ वेगवेगळ्या उभे राहण्याच्या पद्धती घोटवायला वेळ नसतो. एकच उभे राहणे, चेंडूची एकच जागा आणि एकच स्विंग असेल, तर सरावाच्या शंभर चेंडूंचा उपयोग एका क्लबला न होता संपूर्ण संचाला होतो.

ज्यांचा सात किंवा आठ नंबरचा आयर्न चांगला चालतो, पण चार-पाच नंबर हातात घेतला की चेंडू अर्धवट लागतो, त्यांनाही हा संच धीर देतो. क्लब आखूड झाल्याने चेंडू पृष्ठभागाच्या मध्यावर लागण्याची शक्यता वाढते. वाकण्याची मात्रा दर फटक्याला बदलत नसल्याने पाठ आखडणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूंनाही काहीसा आराम वाटू शकतो.

मग तोटा कुठे?

दोन्ही टोकांना. चार नंबरचा आयर्न साडेअडतीसवरून ३७ इंचांवर आणला, की डोक्याचा वेग ढोबळमानाने दोन ते चार टक्क्यांनी घटतो. डोके २१ ग्रॅमने जड झाल्याने चेंडूला मिळणाऱ्या वेगापैकी थोडा भाग परत मिळतो. त्यामुळे वेगवान स्विंग असलेल्यांचे अंतर फारसे कमी होत नाही. अडचण उंचीची आहे. कमी लॉफ्टच्या आयर्नने चेंडू हवेत चढायला वेग लागतो. स्विंगच मंद असेल, तर चेंडू खालून जातो, हिरवळीवर सपाट उतरतो आणि पलीकडे निघून जातो. अशा खेळाडूच्या चार, पाच आणि सहा नंबरच्या फटक्यांचे अंतर जवळपास एकच येऊ लागते. म्हणजे पिशवीत तीन क्लब, पण काम एकाचे.

दुसऱ्या टोकाला वेज लांब होतो. पूर्ण फटक्यात चेंडू अपेक्षेपेक्षा दूर आणि उंच जातो. पण वेजचे खरे काम पूर्ण फटक्याचे नसते. हिरवळीजवळून अलगद टाकायचा चेंडू किंवा वाळूच्या खड्ड्यातून काढायचा चेंडू, यांसाठी दीड इंच लांब क्लब अवघड वाटतो. म्हणजे लांब आयर्नचे अंतर घटते, वेजचे वाढते आणि संपूर्ण संच दोन्ही बाजूंनी आत दाबला जातो. ही दरी राखण्यासाठी निर्माते लॉफ्टमधील फरक वाढवतात. पण ते पुरेसे आहे की नाही, हे प्रत्येकाच्या स्विंगवर ठरते.

'एकच लांबी' म्हणजे किती?

इथेच अनेक जण चुकतात. एकाच लांबीच्या संचांची लांबीही एक नाही. डिशॅम्बोने साडेसदतीस इंचांचे आयर्न वापरले. कोब्राने सात नंबरच्या आयर्नच्या आसपासची लांबी निवडली. क्लब रचनाकार टॉम विशन यांच्या 'स्टर्लिंग' संचाची लांबी साडेछत्तीस इंचांची, म्हणजे आठ नंबरच्या आयर्नइतकी आहे.

यामागचे गणित सोपे आहे. लांबी जास्त ठेवली तर लांब आयर्नचे नुकसान कमी, पण वेज अधिक अवघड. लांबी कमी ठेवली तर वेज सोपा, पण लांब आयर्नचे अंतर आणि उंची घटते. त्यामुळे एकाच लांबीचा संच घेताना मापाचा प्रश्न मिटत नाही. उलट सगळा निर्णय एका आकड्यावर येऊन ठेपतो. पारंपरिक संचात एखादा क्लब नीट बसला नाही, तरी बाकीचे सांभाळून घेतात. इथे माप चुकले तर ते प्रत्येक आयर्नमध्ये चुकते.

उंची महत्त्वाची की हातांची लांबी?

दोन्ही, पण एकत्रितपणे. साडेपाच फुटांच्या दोन माणसांपैकी एकाचे हात लांब असतील, तर त्याचे मनगट जमिनीच्या जवळ असते आणि त्याला लांब क्लबची गरज नसते. म्हणून क्लब बसवणारे तंत्रज्ञ केवळ उंची विचारून थांबत नाहीत. ते मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात. खेळायचे बूट घालून, हात बाजूला सैल सोडून सरळ उभे राहायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. घरात दुसऱ्या कोणाच्या मदतीने हे दोन मिनिटांत होते.

पुरुषांसाठी तयार मिळणारे संच हे अंतर साधारण ३४ इंचांच्या आसपास असलेल्या व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. अंतर त्याहून दीड-दोन इंच कमी असेल, तर साडेसदतीस इंचांचा क्लब त्या व्यक्तीला लांबच पडेल. मग खेळाडू नकळत ताठ उभा राहतो किंवा क्लबचे टोक जमिनीवरून उचलले जाते. डिशॅम्बोची उंची सहा फुटांहून अधिक आहे. त्याच्या क्लबांचा लाय कोन नेहमीपेक्षा बराच उभा असतो आणि मुठीही जाड असतात. हे सगळे एकत्र येऊन त्याचा स्विंग बनतो. त्यातली केवळ लांबी उचलली, तर हाती काहीच लागत नाही.

लाय कोन चुकला तर किती फरक पडतो?

सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३३ अंश धरला आणि लाय कोन २ अंशांनी चुकला, तर चेंडूची दिशा साधारण १.३ अंशांनी बदलते. १३० मीटरच्या फटक्यात चेंडू सुमारे ३ मीटर बाजूला जातो. ४६ अंशांच्या वेजमध्ये तीच चूक दिशा २ अंशांहून थोडी अधिक बदलते. ९० मीटरवरच चेंडू ३ मीटरहून अधिक सरकतो. म्हणजे लॉफ्ट जितका जास्त, तितकी ही चूक महाग.

लाय कोन तपासायची सोपी पद्धत आहे. क्लबच्या तळाला चिकटपट्टी लावून कडक फळीवरून चेंडू मारायचा. खूण टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला उमटली, तर क्लब जास्त उभा आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाईल. खूण टोकाकडे उमटली तर क्लब जास्त सपाट आहे. खूण मध्यावर हवी. उभे राहून घेतलेल्या मापापेक्षा ही चाचणी अधिक खरी, कारण स्विंगच्या भरात हात आणि खांदे वेगळ्याच जागी पोहोचतात.

खरेदीआधी फुकटात करून पाहता येईल का?

बऱ्याच अंशी. पहिली चाचणी सरावाच्या मैदानावर आपल्याच किंवा मित्राच्या संचाने करावी. सहा, सात आणि आठ नंबरच्या आयर्नने प्रत्येकी दहा चेंडू मारावेत. सर्वांत दूर गेलेला चेंडू पाहू नये. दहा चेंडू कोणत्या क्लबने सर्वांत जवळजवळ पडले ते पाहावे. त्या आयर्नची लांबी ही आपली लांबी असण्याची शक्यता जास्त.

दुसरी चाचणी पाच नंबरच्या आयर्नची. तो साधारण ३८ इंचांचा असतो. मूठ एक इंच खाली धरली की तो ३७ इंचांचा होतो. डोके हलके वाटेल, कारण एकाच लांबीच्या संचात ते सुमारे १४ ग्रॅमने जड असते. गोल्फच्या दुकानात मिळणारी शिशाची पट्टी डोक्याच्या मागे चिकटवून ही उणीव भरता येते. ही चाचणी काटेकोर नाही, पण प्रश्नाचे उत्तर देते. असे धरून मारलेला चेंडू पुरेसा उंच चढून हिरवळीवर थांबत असेल, तर पुढे जायला हरकत नाही. तो सतत खालूनच जात असेल, तर नव्या संचातील लांब आयर्नही तसेच वागतील.

तिसरी चाचणी वेजची. ती उसन्या क्लबवरच करावी लागते. पूर्ण फटक्यांवर समाधान मानू नये. ३० मीटरच्या आतले दहा चेंडू तरी मारून पाहावेत.

पनवेलच्या पावसाचा याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. उन्हाळ्यात टणक जमिनीवर कमी उंचीवरून गेलेला चेंडू घरंगळत जाऊन अंतर भरून काढतो. जून ते सप्टेंबर या काळात कोकणातल्या पावसाने जमीन मऊ होते, चेंडू पडतो तिथेच थांबतो. मग हवेतून जेवढे अंतर कापले, तेवढेच खरे. मे महिन्यात पाच नंबरचा आयर्न ठीक वाटला आणि जुलैमध्ये तो हिरवळीपर्यंत पोहोचेना, असे होऊ शकते. म्हणून चाचणीत चेंडू एकूण किती लांब गेला यापेक्षा जमिनीला टेकेपर्यंत किती गेला, ते नोंदवावे.

नियमांत बसते का?

बसते. क्लब किमान १८ इंचांचा असावा आणि पुटर वगळता कोणताही क्लब ४८ इंचांहून लांब नसावा, एवढेच लांबीविषयीचे मूळ बंधन आहे. काही मोठ्या स्पर्धांमध्ये २०२२पासून स्थानिक नियमाने ही कमाल मर्यादा ४६ इंच ठेवता येते. आयर्नची लांबी वेगवेगळीच हवी, असे कुठेही म्हटलेले नाही. शिशाची पट्टी मात्र फेरी सुरू होण्यापूर्वीच लावावी. फेरी चालू असताना क्लबच्या गुणधर्मांत मुद्दाम बदल करता येत नाही.

मग घ्यावा की नाही?

सात किंवा आठ नंबरचा आयर्न हाताला बसला आहे, स्विंगचा वेग मध्यम किंवा त्याहून जास्त आहे, सरावाला वेळ कमी आहे आणि लांबी व लाय कोन स्वतःच्या मापाने करून घेण्याची तयारी आहे, त्याने हा संच जरूर पाहावा. स्विंग मंद असेल, तर सहा नंबरपासून पिचिंग वेजपर्यंतचाच संच घेऊन चार आणि पाच नंबरच्या जागी हायब्रिड ठेवणे व्यवहार्य. ज्यांचा खेळ हिरवळीजवळच्या नाजूक फटक्यांवर उभा आहे, त्यांनी निदान वाळूतला आणि सर्वांत जास्त लॉफ्टचा वेज नेहमीच्याच लांबीचा ठेवावा. असे मिश्र संच वापरायला कोणतीही आडकाठी नाही.

ज्याचा स्विंग अजून दर आठवड्याला बदलतो आहे, त्याने थांबलेले बरे. आज घेतलेले माप सहा महिन्यांनी त्याचेच राहणार नाही. शिवाय असे संच बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच असल्याने वापरलेला संच विकताना किंवा एखादा क्लब बदलून घेतानाही पर्याय कमी मिळतात. तोवर एखादा जुना संच, मनगटापासून जमिनीपर्यंतचे एक माप आणि सरावाच्या मैदानावरचे तीस चेंडू एवढ्यावर काम भागते. हजारो रुपये खर्च करायचे की नाही, हे त्या तीस चेंडूंनंतर बऱ्यापैकी स्पष्ट झालेले असेल.